काटा हातात घेतल्यावर

ते भाव करत नसत. माझ्यासारख्याला हे नुसतं सांगतानाही त्रास होतो. अकोल्याच्या बाजारात वांगी विकणारी बाई जो आकडा सांगेल तो ते खिशातून काढून देत, आणि वर "बरं बाई" म्हणत. मी सोबत असलो की माझे हात शिवशिवत. भाव न करणारी माणसं मी दोन प्रकारची पाहिली आहेत. काहींना भाव कळत नाही आणि काहींना परवडतो. हे दोन्हींत बसत नव्हते. वांग्याची त्यांना चांगली पारख होती, आणि पैशाची चणचणही होती. एकदा न राहवून मी म्हणालो, "सर, थे बाई तुमाले येडं समजते, मालूम हाय ना?"

"समजू द्या शेठ," ते म्हणाले. "तिनं सांगितलं, मी देल्लं. मधात भांडन कायले?"

माझे वडील अमरावतीला भाजी विकत. मी तराजूमागे बसून वाढलो. कॉलेज अर्धवट सुटलं, कॉम्प्युटर दुरुस्त करता करता शिकलो, आणि लोकांना वेबसाइट करून देण्याचा धंदा उभा केला. गिऱ्हाईक 'नाही' म्हणालं की तिथून माझं बोलणं सुरू होतं. अशा बोलण्यावरच अकोल्याची एक बंद पडत आलेली छोटी कंपनी मी माणसांसकट घेतली. सर तिच्यासोबत आले, तिथल्या जुन्या कुलरसारखे. पुण्याच्या मोठ्या कंपनीत उमेदीची सगळी वर्षं काढून ते गावी परतले होते. मी त्यांना सर म्हणे, कारण ते वयानं मोठे होते. ते मला शेठ म्हणत, आणि त्यात किती मान आणि किती टोमणा हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. पुणं का सोडलं असं विचारलं की सांगत, "तिथं मले कोनी 'कावून' असं विचारेच नाई. सांगितलं तसं करत."

अकोल्याच्या ऑफिसात चपला दाराबाहेर काढायची पद्धत होती. त्या जोडीनं, टाचा भिंतीकडे आणि अंगठे बाहेरच्या बाजूला, अशा लावायचं काम सरांनी आपणहून घेतलं होतं. आत जायच्या आधी ते वाकून सगळ्यांच्या चपला लावत. मी मुद्दाम एक इकडे, एक तिकडे अशी टाकून आत जाई. परत येईपर्यंत ती जोडी लागलेली असे. आणि याच माणसाचं टेबल पाहिलं असतं तर कोणी त्याला नोकरी दिली नसती. अर्धी खाल्लेली कचोरी, तुटका चष्मा, कोणाची तरी लग्नपत्रिका, दोन कीबोर्ड, त्यातला एक मेलेला. सदऱ्याची गुंडी कायम एक घर चुकलेली. मी टोकलं तर म्हणाले, "एकट्याचा पसारा म्हंजे संसार असते शेठ. दोघाईचा पसारा झाला की मंग भांडन. चपला साऱ्याईच्या हायेत, टेबल माह्यं हाय."

हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं. ते किती खरं होतं हे मला धामणगावच्या एका धान्य व्यापाऱ्यानं शिव्या देऊन समजावलं.

माझी दोन ऑफिसं वेबसाइटचा कोड दोन तऱ्हेनं लिहीत. अमरावतीवाले ओळ आत सरकवायला स्पेस देत, अकोलेवाले टॅब. इकडे एकेरी अवतरणचिन्हं, तिकडे दुहेरी. प्रत्येक वेबसाइटबरोबर नियमांची एक फाइल असे, कोणीतरी कुठून तरी उचललेली आणि ज्याला जे टोचेल ते खोडलेली. एका ऑफिसची फाइल दुसऱ्यानं नुसती उघडून ठेवली, तरी तिकडचा कॉम्प्युटर ती आपल्या सवयीप्रमाणे सगळी बदलून टाके. मग कुठे काय बदललं हे तपासायला बसलं की पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळंच बदललेलं दिसे, आणि तपासणारा कंटाळून "ठीक" म्हणे. अशाच एका "ठीक"मध्ये धामणगावच्या व्यापाऱ्याच्या वेबसाइटवरची आजचे भाव आणणारी ओळ उडाली. सकाळी जुने, चढे भाव पाहून लोक माल भरून त्याच्या फाटकावर आले. त्यानं मला फोनवर जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी ते जसंच्या तसं दोन्ही ऑफिसांना ऐकवलं. अमरावतीनं अकोल्याकडे बोट दाखवलं, अकोल्यानं अमरावतीकडे. बाळापूरहून रोज येऊन-जाऊन काम करणारी एक ताई अकोल्याला होती, शेतकऱ्याच्या घरची, जिभेनं तिखट. ती म्हणाली, "भाऊ, आता बारीवाले अलग काढा नाई तं आमाले अलग काढा." तिकडच्यांना ती बारीवाले म्हणे, कारण ते आपली पाळी आली की मगच फाइल पाहत.

दोन ऑफिसं फुटली असती तर मी पुन्हा एका खोलीचा मालक झालो असतो. तेव्हा सर म्हणाले, "शेठ, नियम एका जागी ठेवू. साऱ्या वेबसाइटी तिथून घेतीन."

असं तपासणारं यंत्र जगात सगळीकडे वापरतात. लिंटर म्हणतात त्याला. कोड लिहिला की ते तो वाचतं आणि नियम मोडला तिथे लाल ओळ दाखवतं. मी म्हणालो, मोठ्या कंपन्यांचे तयार नियम फुकट मिळतात, तेच आणा. सरांनी मान हलवली. "उसन्या सदऱ्याची बाही कोनालेच बसत नाई. भांडन आपलं हाय, तं नियमई आपलेच पाह्यजेत."

मग मूर्तिजापूरच्या बैठका सुरू झाल्या. अमरावती आणि अकोल्याच्या मध्ये पडणारं गाव, कोणी कोणाच्या दारात गेल्यासारखं होऊ नये म्हणून निवडलेलं. हमरस्त्यावरच्या एका हॉटेलात दोन्ही ऑफिसं समोरासमोर बसत, मधे भज्यांची परात. सर एक नियम मांडत आणि गप्प होत. लोक भांडत. भांडून झालं की हात वर करून निकाल. इथपर्यंत काही नवल नाही. पण निकालानंतर सर एक चाल करत, जी मी पुढे कुठेच पाहिली नाही. नियमाच्या विरोधात जो सगळ्यांत जास्त ओरडला असेल, त्याच्याकडेच ते वळत आणि म्हणत, "आता लाल ओळ तुमी लिहा."

म्हणजे असं, की नियम मोडला की पडद्यावर जी सूचना येते ती आपल्याला हवी तशी लिहिता येते. सरांच्या पद्धतीत ती हरलेल्यानं लिहायची, आपल्या भाषेत, आपलं नाव खाली घालून. मी विचारलं, हा काय न्याय? म्हणाले, "जिंकनारा नियम विसरून जाते. हरलेल्याच्या ध्यानात रायते."

टॅबवर हरलेल्या अकोलेकरानं लिहिलं, 'अकोल्याचे टॅब गेले. स्पेस द्या, रडू नोका.' कोडमध्ये दिलेल्या पण न वापरलेल्या नावांवर बंदी घालणाऱ्या नियमावर अमरावतीच्या एका हिरमुसल्या माणसानं लिहिलं, 'नाव देल्लं आन् वापरलंच नाई. लग्नाले बोलावून पान न वाढल्यासारखं झालं.' बाळापूरची ताई एका नियमावर फार भांडली. एखादं काम दूर कुठे पाठवलं, समजा माहिती साठवायला, तर ते झाल्याचं उत्तर येईपर्यंत कोडनं थांबलं पाहिजे, असा तो नियम होता. तिची अर्धी कामं त्यात अडकणार होती. हरली तेव्हा परातीतलं भजं परत ठेवून तिनं लिहिलं, 'मानूस पाठवला म्हंजे निरोप पोचला असं नसते. उत्तर येऊ द्या.'

मला या बैठका आवडू लागल्या, हे सांगायला हरकत नाही. भाव करणं हा माझा प्रांत. कोणाला एक नियम सोडायला लावून दुसरा गळ्यात घालणं मी मजेत करी. सर बाजूला बसून कांदा खात. ते कशावरच भांडत नसत. फक्त शेवटचा नियम त्यांचा होता.

नियम तात्पुरता बंद करायची सोय कोडमध्ये असते. वर एक ओळ लिहिली की खालच्या ओळीकडे यंत्र काणाडोळा करतं. सर म्हणाले, असा काणाडोळा करायचा तर तिथे नाव लिहायचं, कारण लिहायचं, आणि दुसऱ्या ऑफिसनं ते कारण वाचून हो म्हटल्याशिवाय काम पुढे जाऊ द्यायचं नाही.

"सगळ्याईसाठी?" मी विचारलं.

"साऱ्याईसाठी."

"मालक मी आहो सर. मी म्हनीन तवा बंद होईन."

सरांनी कांदा खाली ठेवला. "शेठ, तुमचे वडील भाजीचा भाव करत?"

"दिवसभर."

"आन् एकदा काटा उचलला, मंग?"

मी विचार न करता बोलून गेलो. वडिलांनी काटा उचलल्यावर कोणी अजून थोडं कमी करा म्हणालं की ते भाजी परत टोपलीत टाकत आणि एकच वाक्य म्हणत. ते वाक्य माझ्या तोंडून आपोआप निघालं. "काटा हातात घेतल्यावर भाव नाई."

"लिहा मंग हेच," सर म्हणाले.

सगळे हसले. अमरावतीवाले, अकोलेवाले, दोघंही. त्या दोन ऑफिसांना मी एकत्र हसताना तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. मी लिहिलं आणि खाली नाव घातलं.

त्याच बैठकीत त्यांनी आणखी एक गोष्ट पदरात पाडून घेतली. म्हणाले, हे नियम सगळ्यांना घेता येतील असे उघडे ठेवू का? मी भज्यांचे पैसे देत होतो. "ठेवा," म्हणालो, "आपलं भांडन फुकटात कोन नेते?" पुढे अकोल्यातल्याच माझ्या एका स्पर्धकानं ते नेले. त्याची माणसं रोज माझ्या वडिलांचं वाक्य वाचतात. मी आयुष्यात फुकट दिलेली ती एकच वस्तू.

त्यानंतर दोन्ही ऑफिसं मार्गी लागली. फाइल इकडून तिकडे गेली तरी तीच राहू लागली, आणि बदललेली ओळ बदललेली म्हणून दिसू लागली. नवीन कामाला पहिल्या दिवसापासून तेच नियम लागत. लाल ओळ आली की शिवी देण्याऐवजी लोक हसत, कारण ती ओळखीच्या आवाजात येई. सर चपला लावत राहिले.

शेंदूरजनाघाटच्या संत्रा व्यापाऱ्यांचं काम हे मला मिळालेलं सगळ्यांत मोठं काम. बागायतदारानं बागेची माहिती टाकायची, व्यापाऱ्यांनी बसल्या जागी बोली लावायची. उद्घाटनाला मंडप घातला होता. पाहुणे, हार, संत्र्यांच्या टोपल्या. अगदी सकाळी व्यापाऱ्यांना बोलीच्या पानावर एक बदल हवा झाला. मी सोबत आणलेल्या अमरावतीच्या माणसानं तो तिथेच बसून केला, आणि तपासणीनं तो अडवला. पडद्यावर ताईचं वाक्य. 'उत्तर येऊ द्या.' बोली साठवल्याचं उत्तर यायच्या आधीच व्यापाऱ्याला 'बोली लागली' असं दिसणार होतं. नीट करायला वेळ लागला असता आणि पाहुणे बटणाजवळ उभे होते.

मी अकोल्याला फोन लावला. "सर, एक नियम बंद करून राहिलो. हो म्हना."

"कारन?"

"पाहुने उभे हायेत, हे कारन."

"हे घाईचं नाव झालं शेठ. कारन सांगा."

"तुमी पगार कोनाचा घेता?"

"तुमचा. म्हनूनच नाई म्हनून राहिलो."

मंडपातले लोक माझ्याकडे पाहू लागले होते. मी काय काय बोललो ते सगळं मला आठवत नाही, पण आवाज टोपल्यांपर्यंत गेला असणार. ते एवढंच म्हणाले, "पाहुन्याईले संत्री खाऊ घाला तवरोक. थांबतीन थे." मी फोन ठेवला आणि माझ्या माणसाला तपासणीच बाजूला सारायला लावली. मालकाचा पासवर्ड माझ्याकडे होता. काणाडोळ्याची ओळ टाकली, तिच्यावर नाव नाही, कारण नाही. पाहुण्यांनी बटण दाबलं. टाळ्या वाजल्या.

आणि काहीही बिघडलं नाही. माझा राग नेमका इथे आहे. एकही बोली हरवली नाही, कोणी तक्रार केली नाही, पैसे वेळेवर आले. बिघडलं असतं तर मी समजू शकलो असतो. मी बरोबर निघालो, आणि तरी तो माणूस गेला. दुसऱ्या दिवशी मी पेढे घेऊन अकोल्याला पोचलो तर ते राजीनामा ठेवून निघाले होते. ताई म्हणाली, "जाताना साऱ्याईच्या चपला लावून गेले." मी बाहेर आलो. माझ्या चपला मी टाकल्या तशाच होत्या, एक इकडे, एक तिकडे.

महिनाभरात मी त्यांच्या घरी गेलो. घर म्हणजे टेबलाचाच मोठा अवतार. खुर्चीवरचे कपडे सरकवून बसलो आणि बोलायला सुरुवात केली. पगार वाढवतो म्हणालो. ते हसले. हुद्दा देतो म्हणालो. चहा आला. अमरावतीवरही तुमची देखरेख राहील म्हणालो. त्यांनी बशी पुसली.

"एकच गोष्ट करा शेठ. त्या ओळीवर नाव नाई अजून. तुमचं नाव लिहा, कारन लिहा, अकोल्याची हो घ्या. मी येतो."

"काई बिघडलं नाई सर तिथं."

"मी कुठं म्हनलं बिघडलं?"

"मंग कायले लिहू?"

"हे तुमी ठरवा."

मी उठलो. जगातल्या कुठल्याही माणसाशी मी सौदा करू शकतो, पण जो फक्त एकच आकडा सांगतो आणि त्यावर गप्प बसतो, त्याच्याशी काय करणार? नाव लिहिणं म्हणजे मी चुकलो म्हणणं, आणि मी चुकलो नव्हतो. ती ओळ मी तशीच ठेवली. कोणाला हात लावू दिला नाही. संत्र्याचे बहार आले, गेले. एकदा चालू झालेल्या ओळीला तपासणी अडवत नसे, दर वेळी त्या जागी नुसती एक पिवळी सूचना उमटे, वडिलांचं वाक्य आणि खाली माझंच नाव. पिवळीकडे दुर्लक्ष करता येतं. मी करत आलो.

यंदा अकोल्याचं ऑफिस ताईच चालवते. नव्या बहाराच्या आधी तिनं सामाईक नियम नवे केले आणि ती पिवळी लाल करून टाकली. शेंदूरजनाघाटची वेबसाइट अडली. मी फोनवर तडकलो.

"भाऊ," ती म्हणाली, "मी काईच केलं नाई. तुमच्याच बाबाईचं वाक्य हाय थे. लिहा, नाई तं काढा."

मी मनात नसताना बसलो आणि लिहिलं. नाव, आणि पुढे कारण : 'त्या दिवशी काही बिघडलं नाही.' अकोल्याला पाठवलं. उत्तर आलं ते असं : 'भाऊ, हे कारन नाई. हा मंग लागलेला निकाल हाय.'

पुन्हा लिहिलं, 'मालकाचा निर्णय.' परत आलं : 'हे तं नावच झालं, वर लिहिलंच हाय.'

मी चिडून खुर्ची मागे ढकलली. मग माझ्यातला बाजारात वाढलेला माणूस जागा झाला. नाव लिहायचं ते काणाडोळ्यासाठी. काणाडोळाच नको असेल तर नाव कशाला? मी अमरावतीच्या माणसाला बोलावलं आणि म्हणालो, ती ओळ उडव, आणि खाली कोड उत्तर येईपर्यंत थांबेल असं कर. त्यानं चहा गार व्हायच्या आत केलं. सगळं हिरवं झालं. वेबसाइट सुटली. माझं नाव कुठेही नाही, कबुली कुठेही नाही. मला इतका आनंद झाला की मी सरळ सरांना फोन लावला, इतक्या वर्षांनी.

"सर, तुमची अट मी मानली नाई. नाव लिहिलं नाई आन् लिहिनारई नाई."

"मंग काय केलं?"

"ओळच काढून टाकली. आता थांबते थे उत्तर येईपर्यंत."

ते म्हणाले, "झालं मंग. नाव कोनाले पाह्यजे होतं?"

"तुमीच तं मांगत होते. मंग सरळ म्हनाचं, कोड नीट करा."

"सरळ मांगितलं असतं तं तुमी देल्लं असतं शेठ? भाव केल्याबिगर तुमी काईच देत नाई."

परत येता का, असं मी विचारलं. म्हणाले, "आता कायले? ताई हाय ना." मग बाजारात जायचं आहे म्हणून त्यांनी फोन ठेवला. वांगी घ्यायला निघाले असतील, ती बाई सांगेल त्या भावात. लोक म्हणतात त्या माणसाला भाव करता येत नव्हता. मीही तेच म्हणत आलो आणि पुढेही म्हणणार. पण त्यानं आयुष्यात एकच सौदा केला, तो माझ्याशी, आणि पहिल्या आकड्यावरून तो जरासुद्धा हलला नाही.